नमुन्याची पाटी

सन एकोणीसशे बासष्ट. वैशाख महिना, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन नववा दिवस, दुपारचं रखरखीत ऊन. त्या दिवशी मी धामणगाव बढ्याला शेषरावांच्या दुकानात उतरले. मी दगडी पाटी. चार बाजूंना लाकडाची चौकट, चार कोपऱ्यांत चार खिळे. मी जास्त बोलणाऱ्यांतली नाही. दगड आहे. पण एक गोष्ट उरावर आहे, तेवढी सांगते.

माझा जन्म लांबचा, तेलुगू मुलखातल्या खाणीत. तिथला माणूस दगडाला छिन्नी लावतो आणि दगड पानासारखा सुटतो. सुटलं की तो बोटानं त्यावर ठोकतो. टण्ण वाजलं तर पाटी. नाही वाजलं तर ढिगाऱ्यावर. म्हणजे जन्मल्या घटकेपासून आमची अब्रू आवाजात. माझा आवाज चांगला होता. खाणीतला म्हातारा मला दोनदा वाजवून हसला होता. त्याचा मला फार दिवस गर्व होता.

मग चौकट, मग पेटी, मग गवत, मग आगगाडी. मलकापूरला पेट्या उतरल्या आणि तिथून बैलगाडीवर चढल्या.

शेषराव साठीला आलेले. दुसरी यत्ता शिकलेले, पण ताठ. त्यांच्या दुकानात वह्या होत्या, दौती होत्या, कंदिलाच्या काचा होत्या. पण गाव त्यांना ओळखत होतं ते पाट्यांवरून. वीस वर्षं त्यांनी एक नियम पाळला होता. जी वाजवली, तीच द्यायची. गिऱ्हाईक आलं की थप्पीतून एक पाटी काढायची, दोन बोटांत धरून उचलायची, मधल्या बोटाचं पेर मारायचं. वाजली की तीच समोरच्याच्या हातात. कागदात बांधायचीसुद्धा नाही. "बांधली म्हणजे बदलली," असं ते म्हणत.

त्या वर्षी त्यांनी दोनशे पाट्या मागवल्या होत्या. एरवी ऐंशी मागवत. कारण होतं. गाव साक्षर करायची मोहीम निघाली होती. भगवंतराव गुरुजींनी घरोघर जाऊन यादी केली होती, कोण अंगठा देतं आणि कोण सही करतं त्याची. अंगठेवाले निघाले दोनशे ऐंशी. बायांचा वर्ग दुपारी शाळेच्या ओट्यावर, पुरुषांचा सांजेला. दोन महिने त्यांनी धुळीत बोटानं अक्षरं गिरवली होती. आता पाटी लागणार होती. जूनच्या पंधरा तारखेला बुलढाण्याहून साहेब येणार, एकेकाला नाव लिहायला लावणार आणि गाव साक्षर झालं असं जाहीर करणार.

शेषरावांनी यादी ऐकली आणि बायकोला म्हणाले, "आजवर लेकरं गिऱ्हाईक होती. यंदा लेकरांचे आजे अन् आज्या गिऱ्हाईक हायेत. ज्याले अंगठा, त्याले पाटी."

अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "अन् तो मलकापूरचा पत्रेवाला?"

"त्याचं झाकण कोन घेते!"

झाकण म्हणजे पत्र्याची पाटी. ती नवीन निघाली होती. पत्र्याला काळा रंग, कडेला लाल पट्टी, दोन आणे स्वस्त. ती पडली तरी फुटत नव्हती. मलकापूरचा शकील ती सायकलवर बांधून बाजार करत होता. आजूबाजूच्या दोन गावांत त्यानं दगडी पाटीवाल्यांना घरी बसवलं होतं. शेषरावांना हे माहीत होतं. माहीत असूनच त्यांनी दोनशे मागवल्या. म्हणाले, "आपल्या गावात आपला आवाज चालते."

आणि नेमकं मोताळ्याच्या अलीकडे, नाल्याच्या उतारावर, गाडीच्या चाकाची लोखंडी धाव निसटली. गाडी एका अंगावर कलली. दोन पेट्या घसरल्या आणि म्हशी बसतात त्या डबक्यात पडल्या. मी गाडीवरच राहिलेल्या पेटीत होते. मला ओरखडासुद्धा आला नाही.

दुकानात आणून शेषरावांनी दोनशेच्या दोनशे पाट्या एकेक करून वाजवल्या. दिवस मावळेपर्यंत वाजवत होते. एकशे सव्वीस वाजल्या. चौऱ्याहत्तर बद्द बोलल्या. त्यांच्यात केसाएवढा तडा गेला होता. डोळ्यांना दिसत नव्हता. हात फिरवला तर लागत नव्हता. नुसता आवाज मेला होता.

अन्नपूर्णाबाई उंबऱ्यात बसून बघत होत्या. म्हणाल्या, "तडकल्या म्हनून सांगा अन् अर्ध्या भावात काढा. घेनारा घेईन."

"शेषरावच्या दुकानात तडकलेला माल? तो शकील बाजारभर डांगोरा पिटन."

"पिटू द्या. फुटलं ते फुटलं."

"तुले नाई समजत," असं म्हणून त्यांनी दोन थप्प्या लावल्या. उजवीकडे वाजणाऱ्या, डावीकडे न वाजणाऱ्या. आणि उजव्या थप्पीतली सगळ्यांत चांगली वाजणारी निवडून चौकटीला भोक पाडलं, दोर ओवला आणि दारात टांगली.

ती मी.

मला वाटलं, मान मिळाला. एवढ्या पाट्यांत मी वर. वारा आला की हलत होते आणि खांबाला लागून वाजत होते. रस्त्यानं जाणारे बघत होते. मला काय ठाऊक!

बाजाराचा दिवस आला. समोर लिंबाखाली शकीलनं ताडपत्री अंथरली. तिशीतला माणूस, तोंड दिवसभर चालू.

"या बाई, या! पाटीवर उभ्या राहा! पाटी मोडली तं पाटी फुकट, पाय मोडला तं माह्यावर!"

बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. एक जाडजूड बाई खरोखरच चढली. पत्रा वाकला आणि परत सरळ झाला. लोक टाळ्या वाजवायला लागले.

शेषराव ओट्यावरून म्हणाले, "काऊन बे शकील, डब्याचं झाकण इकून राह्यला अन् पाटी म्हनते का तिले?"

"झाकन तं झाकन, काका. नवऱ्याच्या डोक्यात घातलं तरी साबूत राह्यते. तुमची एकदा हातची सुटली का खापरं येचत बसा."

"पत्र्यावर अक्षर बसत नाई. अन् बसलं तं पुसत नाई."

"बसवाले गुरुजी हायेत ना!"

पुन्हा हशा. शेषरावांचे कान लाल झालेले मी वरून पाहिले. सकाळभरात त्यांच्या पाट्या गेल्या अकरा. शकीलच्या किती गेल्या ते मोजायची गरज नव्हती, ताडपत्रीवर मधली जागा दिसायला लागली होती.

मग त्यांनी आवाज चढवला. "ऐका हो! एकेक वाजवत बसलो तं सांज होईन. हा नमुना टांगला हाये, हा ऐका. सारा माल एकाच खाणीचा!" आणि मला मारलं बोटाचं पेर.

मी वाजले. टण्ण. बाजाराच्या गलक्यातून पार गेलं. माणसं वळली.

सारा माल एकाच खाणीचा होता. हे अगदी खरं होतं.

लोक आले. जे परगावचे होते, भांडखोर होते, ते म्हणाले, आमची आम्ही वाजवून घेऊ. त्यांना शेषराव उजव्या थप्पीतली देत. जे गावचे होते, वीस वर्षं माल घेत होते, ते नुसतं मला ऐकत आणि हात पुढं करत. त्यांना डाव्या थप्पीतली. मी हे दिवसभर पाहिलं. विश्वास नव्हता त्यांना चांगला माल मिळाला. विश्वास होता त्यांना तडकलेला. आणि प्रत्येक वेळी वाजले मी.

सोजराबाई दुपारनंतर आल्या. पन्नाशीच्या; लेकरं परगावी, घरात एकट्या. नाल्यापलीकडे त्यांचा मळा होता. वांगी, मिरच्या, मेथी. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. मोट त्या स्वतः हाकत. बाजारात भाजी विकून झाली की मोकळी टोपली डोक्यावर घेऊन दुकानाला वळसा घालून जात. पण त्या दिवशी ओट्याशी थांबल्या.

"शेषरावभाऊ, पाटी पायजे."

"कोनासाठी?"

"माह्यासाठी." त्यांनी खाली पाहिलं. "पंचायतीत गेलं का अंगठा निळा होते. घासला तरी दोन दिवस जात नाई. भाकर थापाले बसते तं निळा अंगठा पिठात जाते. लाज वाटते भाऊ. यंदा नाव लिहाचं हाये."

"लिहा की."

"हे वाजवू का?" असं विचारून त्यांनी हात वर केला आणि मला वाजवलं. त्यांच्या बोटाचं हाड मोठं होतं, घट्टे पडलेले होते. मी इतकी मोठ्यानं कधी वाजले नव्हते. त्यांचा चेहरा उजळला. "बाप्पा! मंदिराच्या घंटीवानी!"

शेषरावांचा हात डावीकडे गेला. मला वाटलं, थांबेल. थांबला नाही. त्यांनी एक पाटी काढली आणि वहीच्या कागदात बांधली.

बांधली.

सोजराबाई पुडकं हातात घेऊन म्हणाल्या, "हेही एकदा वाजवून पाहू का?"

"सोजराबाई, वीस वर्षं झाली. तुमच्या लेकरांच्या पाट्या याच दुकानातून गेल्या. कवा फसवलं का म्या तुमाले?"

त्या एवढ्याशा झाल्या. "नाई हो भाऊ. चूक झाली माही. मी आपलं सहज म्हनलं." पैसे ओट्यावर ठेवले आणि पुडकं पदराखाली झाकून गेल्या. त्या वयाच्या बाईनं पाटी नेलेली कोणी पाहू नये म्हणून.

मी खोटं बोलले नाही. मी नुसती वाजले. पण त्या दिवशी मला कळलं, की माझा चांगला आवाज हेच त्या दुकानातलं सगळ्यांत मोठं खोटं होतं. खाणीतल्या म्हाताऱ्याचं हसणं आठवलं. त्यानंतर वाऱ्यानं खांबावर आपटले तरी मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

पुढचे आठ दिवस फुटल्याच्या बातम्या येत राहिल्या. पण दुकानावर कोणी भांडायला आलं नाही. दगडाची पाटी फुटते, हे सगळ्यांना माहीत. दोघं जण नुसते सांगायला आले. शेषराव त्यांना म्हणाले, "हात आपटला असन." ते मान हलवून गेले. घरात अन्नपूर्णाबाई जेवायला वाढत, पण बोलत नव्हत्या.

पुढच्या बाजाराच्या सकाळी भगवंतराव गुरुजी दुकानात आले. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. शकील त्याच वेळी ओट्यावर पाणी प्यायला टेकला होता. धंद्यात वैर, पण पाणी तो शेषरावांकडेच पीत असे.

गुरुजी म्हणाले, "शेषराव, माझं एक काम करा. सोजराबाईंना समजवा. आठ दिवस झाले, वर्गाला येत नाहीत."

"काऊन?"

"पहिल्याच दिवशी पाटी फुटली. मांडीवर घेतली, 'स' काढला, दुसरा काढायला जोर दिला आणि दोन तुकडे. बाया हसल्या. कोणीतरी म्हणालं, कुदळ धरणाऱ्या हाताला पाटी कशाला. त्या उठून गेल्या. मी घरी गेलो तर म्हणतात, पाटी पक्की होती गुरुजी, मी माझ्या कानानं आवाज ऐकला, शेषरावभाऊ फसवत नाहीत. माझे हातच जड. माझ्यासारखीनं हा नाद करू नये. अहो, सगळ्या वर्गात त्यांचा हात पुढं होता. आता साहेबांपुढं गावात एकच अंगठा राहील, तो त्यांचा. तुमचं ऐकतील त्या. हे तुकडे घ्या, त्यांनी शाळेच्या ओट्यावरच टाकले होते."

गुरुजी गेले. तुकडे ओट्यावर राहिले. शकीलनं त्यातला एक उचलला, उन्हाकडे धरला, फुटलेल्या कडेवरून नख ओढलं. नखात माती आली. वाळलेली, डबक्यातली, काळी.

त्याला मी पहिल्यांदाच गप्प पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "काका, आठ दिसाआधी फुटलेल्या दगडाच्या पोटात नाल्याचा गाळ कुठून आला?"

शेषराव दुसरा तुकडा कागदात गुंडाळायला लागले.

"तुमची गाडी कलंडली, हे मले मोताळ्यातच समजलं होतं. मले वाटलं, फुटका माल तुमी फेकला असन." त्यानं तुकडा जपून खाली ठेवला. "मी कोनाले नाई सांगत. पत्रा इकाले मले दुसरी गोष्ट लई हाये." पाण्याचा तांब्या उपडा घातला आणि ताडपत्रीकडे गेला. त्या सकाळी त्यानं एकदाही आरोळी दिली नाही.

त्यानं बाजारभर डांगोरा पिटला असता तर बरं झालं असतं. शेषरावांनी त्याच्याशी भांडण काढलं असतं आणि ताठ राहिले असते. पण ज्याच्यापुढं मान खाली जाऊ नये म्हणून हे सगळं केलं, त्यानंच झाकून घेतलं. शेषराव खाली बसले. त्या वीस वर्षांत मी दुकानात नव्हते, पण अन्नपूर्णाबाई पुढं कधीतरी म्हणाल्या, की त्यांना असं भिंतीला टेकून बसलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

बाजार भरात आला तेव्हा ते उठले. दोर सोडून मला खाली काढलं. डाव्या थप्पीतली एक घेतली. दोन्ही हातांत दोन पाट्या घेऊन ओट्याच्या कडेला उभे राहिले.

"ऐका!"

आधी मला वाजवलं. टण्ण. मग दुसरी. बद्द.

"हा आवाज म्या ऐकवला. अन् हा माल म्या देल्ला. ज्याची पाटी फुटली असन त्यानं तुकडे घेऊन यावं, नवी न्यावी. जिची फुटली नाई तिनंही यावं, वाजवून न्यावी. कोनाचे हात जड नव्हते. खोट माह्यात होती."

कोणीतरी फस्सकन हसलं. मागून एक आवाज आला, "वा रे शेषराव, म्हातारपनी शिकला धंदा!" त्यांनी मान खाली घातली नाही. नुसते उभे राहिले. दोन्ही पाट्या तशाच वर धरून.

लोक आले. तुकडे आले. एकेक पाटी वाजवून हातात दिली, बांधली नाही. गल्लीतली कलाबाई तीन वर्षांपूर्वीचे तुकडे घेऊन आली.

शेषराव म्हणाले, "हे तं तुह्या दिराच्या लग्नात फुटली होती."

"फुटली तं फुटली. दुकान तुमचंच होतं ना?"

"हाव," म्हणून त्यांनी तिलाही दिली.

दुपारपर्यंत उजवी थप्पी संपली. डाव्या थप्पीत उरल्या होत्या त्या त्यांनी मागच्या मोरीत फरशीसारख्या बसवल्या. अन्नपूर्णाबाई आठ दिवसांनी बोलल्या. म्हणाल्या, "आता रोज यायच्यावर पाय ठेवून आंघोळ करा." बोलल्या, हेच पुष्कळ.

सोजराबाई मात्र आल्या नाहीत. त्यांची भाजी त्या दिवशी शेजारीण घेऊन आली होती. शकील ताडपत्री गुंडाळताना म्हणाला, "काका, एक पत्र्याची घेऊन जा तिले. पैसे नका देऊ."

"नाई. तिनं जी वाजवली तीच तिची."

दुकानात वाजणारी एकच पाटी उरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषराव मला काखेत मारून नाल्यापलीकडे गेले. सोजराबाई मोटेवर होत्या. विहिरीच्या उतरत्या धावेवरून बैल मागं सारत होत्या, पुढं हाकत होत्या. अंग घामानं भिजलेलं. शेषरावांना पाहून बैल थांबवले आणि पदर सारखा केला.

"भाऊ, तुमी काऊन तसदी घेतली? गुरुजींनी धाडलं असन. पाटी माह्याच हातानं फुटली. तुमचा काई..."

"तडकलेली होती."

त्या बघत राहिल्या.

"बांधून देल्ली ती तडकलेली होती. मले माहीत होतं. तुमी वाजवू का म्हनलं तवा मले माहीत होतं."

मोटेतून पाणी ठिबकत होतं. सोजराबाई रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी स्वतःचे दोन्ही हात वळवून पाहिले. तळवे, मग पाठ.

"म्हंजे हात नाई जड?"

"नाई."

शेषरावांनी मला पुढं केलं. सोजराबाईंनी ओळखलं. "हे तं दारातली."

"तुमी वाजवली ती."

त्यांनी मला घेतलं, पण वाजवलं नाही. विहिरीच्या कठड्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "पाटी आली भाऊ, पन माहे आठ दिस गेले. बाया बाराखडीवर गेल्या. मोट सोडून मी आता ते कवा भरून काढू? दुपारी वर्गाले जाते, तं सकाळचं पानी सकाळीच द्या लागते. जाऊ द्या. राहू द्या."

त्यांनी हे टोचायला म्हटलं नव्हतं. हिशेब म्हणूनही नाही. जे होतं ते सांगितलं.

शेषरावांनी डोक्याची टोपी काढली आणि माझ्यावर ठेवली. धोतर खोचलं. त्यांच्या हातातून कासरा घेतला.

"तुमी? दुकानदार मानूस?"

"दुकानदार नंतर झालो. आठ दिस मोट माही. तुमी बसा त्या लिंबाखाली, गिरवा."

"गाव हासन भाऊ."

"कालच हासलं. आता उरलं नसन जास्ती."

असे आठ दिवस सुरू झाले. दिवस उगवायला शेषराव नाला ओलांडून येत. दुकान अन्नपूर्णाबाई उघडत. दारातला दोर रिकामा लोंबत होता म्हणे. पहिल्या दोन दिवसांत शेषरावांच्या तळहातांना फोड आले, तिसऱ्या दिवशी फुटले. त्यांनी हळद लावून चिंधी बांधली. बैल त्यांचं ऐकत नव्हते. सोजराबाई लिंबाखालून हाक देत, तेव्हा चालत. "त्यायले शिवी द्या भाऊ, त्याशिवाय ते उतरत नाई." शेषराव शिवी देत, पण बायकांपुढं द्यायची म्हणून हळू. बैलांना ती कळत नसे.

एकदा शकील सायकल उभी करून बांधावर टेकला. "काका, तुमी इथं, दुकानात पाटी नाई. माही तं चांदी झाली."

"कर चांदी. पन ते टण्ण कुठून आनशील?"

"ते नाई आनत," तो म्हणाला. "ते महाग पडते." दोघंही हसले. आठ दिवसांत तेवढंच.

एक सांगायचं राहिलं. तोपर्यंत माझ्यावर एक अक्षर उमटलं नव्हतं. मी फक्त ठोकून घेतलं होतं. पाटी म्हणवत होते, पण पाटीचं काम मला माहीत नव्हतं. सोजराबाईंनी पहिल्या दिवशी पेन्सील टेकवली तेव्हा अंगावर काटा आला. त्यांचा हात खरंच जड होता. पेन्सिलीचे तुकडे पडत. पण मी तडकले नाही. त्या 'स' काढत, मान वाकडी करून बघत, थुंकीनं पुसत, पुन्हा काढत. पेन्सिलीचा तुकडा हरवला की मिरचीच्या वाफ्यात शोधत. दुपारी मला पदराखाली न झाकता डोक्यावरच्या मोकळ्या टोपलीत ठेवून वर्गाला नेत. गुरुजी म्हणाले, चार दिवसांत बायांना गाठलंत. त्या लाजल्या.

तुम्हाला एक विनंती. दारात टांगलेल्या नमुन्यावर जाऊ नका. जी घेणार, ती वाजवा. दुकानदार ओळखीचा असला तर आधी वाजवा. त्याला राग आला तर येऊ द्या. माझ्यासारखीचा आवाज ऐकून फसलेलं माणूस स्वतःच्या हाताला दोष देतं, हे मी पाहिलं आहे. ते मला अजून सोसत नाही.

आठवा दिवस. शेवटच्या वाफ्याला पाणी पोचलं. शेषरावांनी बैल सोडले, मोट उपडी घातली, हात धुतले. चिंधीतून लाल झिरपत होतं. सोजराबाई लिंबाखालून उठल्या आणि मला दोन्ही हातांनी समोर धरलं.

शेषरावांनी डोळे बारीक केले. दुसरी यत्ता. एकेक अक्षर लावून वाचलं.

"सो... ज... रा... बा... ई."

"हाव," त्या म्हणाल्या. मग मधलं बोट वाकवून, अक्षराला धक्का न लावता, त्यांनी माझ्या कोपऱ्यावर पेर मारलं.

मी वाजले.

शेषरावांनी टोपी घातली आणि नाला ओलांडून गेले. देणं फिटलं.